सलूनचं मशीन आणि अब्बासभाईंची घोडी

जनावरांच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. नको म्हटलं तरी साठत जातात. माणसांच्या डॉक्टरकडे निदान पेशंट बोलतो. आमच्याकडे पेशंट सोडून सगळे बोलतात! मालक बोलतो, मालकाचा शेजारी बोलतो, रस्त्याने जाणारा सायकल थांबवून औषध सांगून जातो.

दुष्काळाच्या वर्षी मी तिसगावच्या बाजूला एका गावात होतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. दवाखान्यात मी डॉक्टर आणि खंडेराव ड्रेसर, एवढाच स्टाफ. मित्रमंडळी जमली की आजही कुणीतरी म्हणतं, "ते घोडीचं सांगा हो!" मी सांगतो. लोक पोट धरून हसतात. घडत होतं तेव्हा मात्र आमच्यापैकी फारसं कुणी हसत नव्हतं.

*

गावात एकच टांगा उरला होता, अब्बासभाईंचा. बाकीच्यांनी घोडी विकली होती, नाहीतर माळावर मोकळी सोडून दिली होती. आमच्याकडची चारा छावणी गाईबैलांसाठी. घोड्याला तिथे दावण नव्हती. छावणीच्या झाडलोटीत निघालेला, बुरशी धरलेला कडबा अब्बासभाई पोत्यात भरून आणायचे आणि तोच आपल्या घोडीला, चांदनीला, घालायचे. बुरशी आणि वर रस्त्याची धूळ, तिची छाती कफाने भरून गेली.

एके सकाळी ते तिला घेऊन दवाखान्यात आले. मी विचारलं, "काय होतंय?"

"साहेब, मला झोप न्हाई."

"तुमचं नाही विचारत, घोडीला काय होतंय?"

"तेच सांगतोय न्हवं! ती खोकती, म्हनून मला झोप न्हाई."

मी नळी लावून छाती ऐकली. आत नुसती घरघर. अब्बासभाई माझ्या तोंडाकडे बघत होते. घरात ते आणि घोडी, तिसरं कुणी नाही.

"लोकं म्हनत्यात, दे सोडून माळावर. साहेब, म्हातारं मानूस खोकाया लागलं म्हनून घरचे त्याला माळावर सोडत्यात व्हय?"

खंडेराव कोपऱ्यात बाटल्या धूत होते. मान वर न करता म्हणाले, "यंदा सोडत्यात, अब्बासभाई."

*

इंजेक्शनं होती तेवढी दिली. कपाट रिकामं झालं. मग तोबऱ्यात गरम कोंडा भरून, त्यावर नीलगिरीचं तेल टाकून वाफ द्यायला लागलो. कफ सैल व्हायचा, पण बाहेर येईना.

तेव्हा मी हाताची ओंजळ पालथी करून तिच्या बरगड्यांवर थापायला सुरुवात केली. मागून पुढे, दोन्ही बाजूंनी. हे मी कॉलेजात शिकलो नव्हतो. माझी पत्नी आदल्या श्रावणात गेली. शेवटचे दोन महिने ती नगरला दवाखान्यात होती, तिथल्या नर्सबाईंनी मला हे शिकवलं होतं. कफ सुटतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

पण माणसाची पाठ ती केवढी! घोडीची पाठ म्हणजे अंगण. तासाभरात माझे तळवे सुजले. अब्बासभाईंनी थापलं, खंडेरावांनी थापलं, पुन्हा मी थापलं. आवाज दवाखान्याबाहेर जात असावा, कारण दोन म्हाताऱ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

खंडेराव त्यांना म्हणाले, "गावात पीठ न्हाई, आन् आमचे डॉक्टर भाकरी थापत्यात!"

*

स्टँडसमोर तात्यांचं सलून होतं. तात्यांच्या भाच्याने त्यांना मुंबईहून मसाजचं मशीन आणून दिलं होतं. मुठीएवढं, हाताच्या पाठीवर पट्ट्याने बांधायचं, बटण दाबलं की हातच थरथरायला लागायचा. त्या हाताने तात्या गिऱ्हाइकाचं डोकं चोळायचे आणि गिऱ्हाईक जागच्या जागी पेंगायचं. दाढीच्या नंबराची वाट बघत मी ते बघितलं, आणि माझी दाढी अर्धी झाली असताना एकदम सुचून उठलो.

"तात्या, हे मशीन घोडीला लावायचंय."

तात्यांनी वस्तरा खाली ठेवला. थोडा विचार केला. "घोडी आत यायची न्हाई, डॉक्टर. वायर आखूड हाय. दाराशी आडवी लावा."

अशी चांदनी सलूनच्या दारात आडवी उभी राहिली. बाहेरचा माणूस आत येईना, आतला बाहेर जाईना. मी मशीन हाताला बांधलं आणि तिच्या बरगडीवर ठेवलं. ती दचकली, कान मागे टाकले. अब्बासभाई तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. मग हळूहळू तिची मान खाली आली. मला तेच हवं होतं. मान खाली असली की कफ पुढे उतरतो.

आत अडकलेला एकजण ओरडला, "ओ तात्या, आता माजा नंबर हुता!"

"हुता," तात्या म्हणाले, "पन तिला दम लागलाय, तुमाला घाई लागलीय. दोन्ही एक न्हाई."

*

चार दिवसांनी शाळेचे मास्तर डोक्याला मसाज करून घ्यायला आले. तात्यांनी मशीन काढलं तसे मास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

"हे घोडीला लावलेलं? आणि माझ्या डोक्याला?"

तात्यांनी मशीन फडक्याने पुसलं आणि दाराकडे बघत म्हणाले, "बरं, मग आदी घोडीला इचारतो. तुमच्या डोक्याला लावल्यालं तिला चालंल का!"

मास्तर तसेच उठून गेले. त्यानंतर मसाजला कुणीच येईना. मी तात्यांना म्हणालो, "तुमचं गिऱ्हाईक तुटलं हो माझ्यामुळे."

"यंदा डोकं चोळून घ्याया हाय कुनाला उसंत?" ते म्हणाले, "चालू द्या तुमचं."

*

नेमके त्याच आठवड्यात नगरहून साहेब तपासणीला आले. पांढराशुभ्र शर्ट, खिशात दोन पेनं. दवाखान्याला कुलूप बघून विचारत विचारत सलूनपाशी पोचले. तिथे त्यांचा डॉक्टर न्हाव्याचं मशीन हाताला बांधून घोडीपुढे उभा!

"हे काय चाललंय?"

"साहेब, छातीतला कफ मोकळा करतोय. कंपनाने."

"हे कोणत्या पुस्तकात आहे?" म्हणत ते वाकून घोडीच्या तोंडापाशी गेले.

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात चांदनीने मान ताणली, सगळं अंग आवळलं आणि अशी खोकली की आत भिंतीवरचा आरसा हलला. आठ दिवसांचा साठलेला कफ एका दमात बाहेर आला.

साहेब शर्टाकडे बघत होते. खंडेराव पुढे झाले आणि फार नम्रपणे म्हणाले, "साहेब, पुस्तकात नसंल. पन शर्टावर आलंय."

अब्बासभाईंना यातलं काहीच दिसत नव्हतं. ते जमिनीवर पडलेला कफ दोन्ही हातांनी दाखवत ओरडत होते, "निगाला! साहेब, निगाला!" त्या संध्याकाळी चांदनीने ओंजळभर कोंडा खाल्ला. मी घरी गेलो आणि बऱ्याच महिन्यांनी स्वतःसाठी भात लावला.

*

साहेब भले होते, त्यांनी मेमो दिला नाही. पण कचेरीतून पत्र आलं: सदर मशीनची खरेदी कोणाच्या मंजुरीने केली?

मी उत्तर लिहिलं: सदर मशीन शासकीय नसून गावातील केशकर्तनालयाचे आहे.

पंधरा दिवसांनी पुन्हा पत्र: सदर केशकर्तनालय कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येते, ते कळवावे!

ते पत्र मी तात्यांना वाचून दाखवलं. तात्या म्हणाले, "कळवा, दुष्काळाच्या."

*

पण कडबा तोच होता आणि धूळ तीच होती. चांगला चारा कुठून आणणार? मी अब्बासभाईंना कडबा पाण्यात भिजवून घालायला सांगितला होता. ते म्हणाले, "साहेब, पानी?" आदल्या दिवशी मोकळी केलेली छाती दुसऱ्या दिवशी पुन्हा घरघरायची.

खंडेराव एकदा नळी कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "साहेब, हे आपल्या हिरीच्या उलटं हाय. हितं जेवढं उपसावं तेवढं भरतंय."

वीजही दिवसातून दोन-तीन तासच यायची. आली की बाया डबे घेऊन पिठाच्या गिरणीकडे पळायच्या आणि अब्बासभाई घोडी घेऊन सलूनकडे. दोन्हीकडे एकच लाईन. गिरणी सुरू झाली की आमच्या मशीनचा जीव जायचा, नुसतं गुणगुणायचं.

शेवटी अब्बासभाई गिरणीत गेले आणि हात जोडून उभे राहिले. "बायांनू, धा मिनिटं दळन थांबवा. माज्या घोडीचं हूं द्या."

बाया दिवसभर खडी फोडून आलेल्या. एक तरणी पोरगी फणकारली, "आमची लेकरं घरी उपाशी, आन् ह्यांची घोडी आदी!"

कौसाबाई म्हणून एक वयस्कर बाई रांगेत पुढे होती. तिने आपला डबा खाली ठेवला आणि त्यावर बसकण मारली. "बस गं तूबी. आपल्या घरी बी कुनी ना कुनी खोकतंयच की. त्येला कुठं मशीन हाय? हिला हाय, तर लावू दे."

दुसऱ्या दिवसापासून दहा मिनिटांचा नियमच झाला. आधी घोडी, मग गिरणी!

*

आजारी पडल्यापासून चांदनी बसली नव्हती. छाती भरलेलं घोडं बसत नाही. बसलं की श्वास कोंडतो, म्हणून रात्रंदिवस उभं राहतं. अब्बासभाईंना ते बघवायचं नाही. "जरा टेक गं बाई," म्हणून तिची पाठ दाबत बसायचे.

एका सकाळी ते पळत दवाखान्यात आले. टोपी हातात, तोंडभर हसू. मुठीत गुळाचा खडा.

"साहेब, बसली! पहाटंच्याला बसली! आता गाड झोपलीय. तोंड गोड करा!"

त्या वर्षी गूळ कुणाकडे होता! कुणाच्या घरून मागून आणला होता, देव जाणे. त्यांनी त्याचे दोन तुकडे केले, एक मला दिला, एक खंडेरावांना.

उभं राहायची ताकद संपली की घोडं बसतं. हे मला माहीत होतं आणि खंडेरावांनाही. खंडेरावांनी आपला तुकडा मुठीतच ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी गूळ खाल्ला.

*

अब्बासभाईंचं घर गिरणीच्या मागेच. चांदनी अंगणात कुशीवर पडली होती, नाकपुड्या पसरलेल्या. मी काही सांगायच्या आत तात्या दुकान बंद करून मशीन घेऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी गिरणीच्या खिडकीतून जोडवायर टाकली आणि स्वतः आत भिंतीवरच्या बटणापाशी उभे राहिले. वीज आली होती, पण गिरणीचा पट्टा फिरत नव्हता. बाया डबे घेऊन खिडकीपाशी गोळा झाल्या होत्या. कुणी घाई करत नव्हतं.

अब्बासभाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी मशीन बांधलं आणि बरगड्यांवरून फिरवायला लागलो, मागून पुढे. मान खाली घ्यायला आता जागाच नव्हती. दोनदा ती खोकल्यासारखी झाली. नंतर श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. एक श्वास आला, आणि मी पुढच्याची वाट बघत राहिलो.

बऱ्याच वेळाने मी मोकळ्या हाताचं बोट तिच्या डोळ्याच्या कडेला लावलं. पापणी मिटली नाही.

खिडकीतून तात्या बघत होते. त्यांना कळलं. त्यांनी बंद करायला बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, हालती हाय!" अब्बासभाई म्हणाले. "कातडं बगा, कसं थरारतंय. माशी बसली की अश्शीच हालवायची. कळतंय तिला."

माझ्या हाताखाली तिची कातडी थरथरत होती. हात पुढे सरकला की पुढची थरथरायची, मागची शांत व्हायची.

खिडकीतल्या बायांपैकी एकीने पदर तोंडाला लावला. तात्यांचं बोट बटणावर तसंच होतं. मी त्यांना मानेनेच नको म्हटलं.

"साहेब," अब्बासभाई म्हणाले, "जरा मानंला धरा की. मानंला तिला लई बरं वाटतं."

मी मशीन मानेला धरलं.