उत्तरेचा बाण आणि सिमाकच्या आईचा तंदूर

सिमाकची आई आमच्या कूफ्यात पहिल्या दिवसापासून होती. तेव्हा कूफा शहर नव्हतंच. नदीजवळचं रेताड माळरान होतं. तिचं स्वतःचं नाव अरवा, पण अरबांत बाई मुलाच्या नावानं ओळखली जाते. सिमाक, तिच्या पहिल्या नवऱ्याचा मुलगा, स्वतः पूर्वेच्या मोहिमेवर होता. मी शेजारच्या हीरा गावची, ख्रिस्ती, मठातल्या भगिनींकडे लिहायला शिकलेली. नवरा वारल्यावर अरबांच्या फौजेच्या छावणीत शिवणकाम करायला आले आणि तिच्याशेजारी राहिले. रोजचं रोज लिहून ठेवते, त्यामुळे ही हकीकत आठवणीच्या भरवशावर नाही.

ती कित्येक वर्षं फौजेबरोबर फिरली. लढाई ओसरली की बायका मैदानात उतरत, एका हातात पाण्याची पखाल, दुसऱ्या हातात दांडका. आपला जखमी दिसला की पाणी, शत्रूचा उठू लागला की दांडका. कादिसियाच्या मैदानात इराण्यांशी लढाई झाली तेव्हा तिनं एका चकचकीत इराणी शिरस्त्राणावर दांडका हाणला, तर आतून अस्सल अरबी शिव्या आल्या. तो हुजैर होता, तिच्याच जमातीचा. लुटीतलं शिरस्त्राण लढाई संपायच्या आतच डोक्यावर चढवून मिरवत होता. त्याची शुश्रूषा तिलाच करावी लागली, आणि महिन्याभरात त्याच्याशी लग्नही. हुजैर कधी खोटं बोलत नसे. सगळी छावणी त्याची साक्ष काढायची. सिमाकच्या आईला मात्र हा त्याचा एकमेव दुर्गुण वाटे.

या फिरतीत तिनं चौदा तंदूर बांधले आणि चौदा मागं टाकले. तंदूर तापून भाकरीला जरा चव येऊ लागली, की फौज पुढं सरकायची. म्हणून आता इथंच कायमचं राहायचं असं कळल्यावर तिनं नदीची चिकणमाती आणली, बकऱ्याचे केस कालवले आणि उंचवट्यावर पंधरावा तंदूर घातला. तो वाळेपर्यंत अकरा दिवस कुणाला जवळून जोरात चालू दिलं नाही. हुजैरनं त्याच्यापुढंच, दक्षिणेच्या बाजूला, वेताची झोपडी उभारली होती.

मग वस्ती आखायचा हुकूम आला. मशिदीच्या जागेवर एक तिरंदाज उभा राहून चार दिशांना एकेक बाण सोडणार. बाण पडेल तिथून पुढं घरं बांधायची. अलीकडचं सगळं पाडून मैदान मोकळं ठेवायचं. या कामाला गियास नावाचा गडी नेमला होता, दंड माझ्या मांडीएवढे. आदल्या सकाळी तो भाकरी घ्यायला आला. सिमाकच्या आईनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की बाबा, उत्तरेला तुझा बाण जातो तरी किती लांब?

"मावशी, तुझा तंदूर ओलांडून त्या राखेच्या ढिगात."

राखेचा ढीग तंदुराच्या मागं आठ पावलांवर होता. हात जड व्हावा म्हणून तिनं त्याला तुपात बुडवून सात भाकऱ्या चारल्या. ढेकर देऊन तो म्हणाला, आता आणखी लांब जाईल.

मग तिनं नवऱ्याला धरलं. बाण पडला की लोक पोचायच्या आत जरा अलीकडं खोचायचा, एवढंच काम होतं. हुजैरनं नकार दिला. मग तू करणार तरी काय, असं तिनं विचारल्यावर म्हणाला, कुणी विचारलं तर पाहिलं ते सांगेन. तिनं कपाळाला हात लावला, पण रागावलेली दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला बाण दक्षिणेला सुटला. सगळे तो बघायला तिकडं वळले. परत उत्तरेकडं तोंड करतात तो काय, झोपडी आणि तंदूर यांच्यामध्ये, तंदुराला अगदी खेटून, दुहेरी खांब बांधून त्यांचा जुना काळा तंबू उंच टांगलेला. आखणीचा अधिकारी तावातावानं आला. सिमाकच्या आईनं सांगितलं, की मदाइनच्या छावणीतल्या पिसवा भरल्यात त्यात, ऊन दाखवतेय. हुकुमात उन्हाला बंदी असेल तर उतरवते. अधिकारी हुकुमाच्या अक्षराला धरून चालणारा होता. त्यानं आठवून पाहिलं, बंदी नव्हती.

बाण आला, तंबूच्या कापडात रुतला, झोलाबरोबर खाली घसरला आणि झोपडीच्या मागल्या भिंतीपाशी पडला. गियास लालबुंद. हा बाण धरायचा नाही, मी पुन्हा सोडतो, म्हणाला.

"कादिसियाला समोरच्यानं ढाल धरली की असंच म्हणायचास का रे? ढाल बाजूला घ्या, मी पुन्हा सोडतो?" सिमाकच्या आईनं विचारलं.

लोक हसले. अधिकारी हसला नाही, पण त्यानं हुजैरला पुढं बोलावलं आणि बाण कुठं पडला ते सांगायला लावलं. हुजैरनं झोपडीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, मग बाणाकडं.

"इथं पडला," तो म्हणाला.

हुजैरचा शब्द म्हटल्यावर प्रश्नच मिटला. तिथंच दोरी ताणली. गियास पूर्वेला वळेपर्यंत तिकडं सतरा तंबू उन्हात टांगले गेले होते. ते मात्र शिपायांनी उतरवले.

तंदूर दोरीच्या पलीकडं राहिला, झोपडी अलीकडं. दुपारच्या नमाजाआधी ती पाडलीसुद्धा. हुजैर चटईची गुंडाळी काखेत धरून उभा होता.

"सिमाकच्या आई, तंबू झोपडीच्या पुढं टांगला असतास तर?"

"तर बाण वरून गेला असता. इतक्या लांबून तो उंच असतो."

"म्हणजे झोपडी जाणार हे तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला सांगितलं असतं, आणि त्यानं तुला विचारलं असतं, तर?"

 हुजैर चटई तंदुरावर ठेवू लागला, ती तिनं ठेवू दिली नाही. त्याच्या हातात कोयता दिला आणि वेत कापायला नदीवर धाडलं. जाताना बजावलं, की या खेपेला दार धुराच्या बाजूला नको. स्वतः पीठ मळायला बसली. गियास मैदानात अजून कुरकुरत होता आणि त्याला भूक लागलेली दिसत होती.