परकराची गाठ

पाटोद्याच्या बाजारात माझं कापडाचं दुकान होतं. पोरीची उंची नुसती नजरेनं बघून परकराला किती कापड लागेल ते मी सांगायचो आणि सहसा चुकायचो नाही. गिऱ्हाइकासमोर त्याचा तोराही मिरवायचो. म्हणून तर पुढचं सांगायची जास्त लाज वाटते.

माझी थोरली अकरा वर्षांची असताना तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, पोटात नळी बसवू. तिच्यातून दिवसाला चार वेळा औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी काढून टाकायचं, म्हणजे रक्तातली घाण त्याच्याबरोबर निघून जाते. हे घरीच करता येतं. नळी नीट राहिली तर पोरगी राहील, एवढं मला कळलं होतं.

पुण्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा एस.टी.तून उतरल्यावर मी आधी काय केलं असेल, तर तिला रेडिमेड फ्रॉक घेतला. एरवी गादीवर बसून मी रेडिमेडला शिव्या घालायचो. ते नुकतंच आमच्या बाजारात घुसलं होतं आणि माझं गिऱ्हाईक पळवत होतं. पण त्या मोठ्या दवाखान्यात परकर-पोलक्यातली पोरगी घेऊन जायचं माझ्या जिवावर आलं. आपण गावंढळ दिसू नये, बस्स.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टर पेन घेऊन आला. त्यानं तिला उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं. मग विचारलं, "ही घरी काय घालते? कमरेला कुठं बांधते? नळी गाठीखाली यायला नको."

तिनं तोंड उघडलं, पण मी आधीच बोलून गेलो, "फ्रॉकच घालते नेहमी." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"अप्पा, पण घरी तर..."

"गप. मोठ्या माणसात बोलू न्हाई."

डॉक्टरनं बेंबीच्या डाव्या बाजूला, जरा खाली, शाईची फुली मारली.

पाणी सोडायचं-काढायचं तिथंच शिकून मी तिला घरी आणलं. जखम भरल्यावर तिच्या आईनं तिला परकर नेसवला आणि तिचा हात थबकला. "नाडी नेमकी नळीवरच येतीय की हो. डॉक्टरला सांगितलं न्हवतं का?"

"सांगितलं की. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतंय."

"मंग हिला फ्रॉकच घालू."

"या वयात? अन् पोटावरचा फुगवटा साऱ्या गल्लीला दाखवू?"

उद्या तिच्या सोयरिकीला कोण उभं राहील, हे त्या वयात, त्या आजारातही माझ्या डोक्यात होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी बायकोला सुनावलं. पोरीनं नाडी खाली बांधून पाहिली, पण हाडकुळ्या कमरेवरून परकर घसरायचा, की ती पुन्हा वर ओढून आवळायची. दीड महिन्यात नळीभोवतीची कातडी लाल झाली, मग पू आला. मी हळूच पुसायचो आणि उद्या बरं होईल म्हणायचो. पुण्याला फोन करायला एस.टी.डी. बूथ दुकानाशेजारीच होता. पण फोन केला असता तर ते पहिलं नाडीचंच विचारणार, हे मला ठाऊक होतं.

बाहेर काढलेल्या पाण्याची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवून अक्षरं वाचता आली पाहिजेत, असं शिकवलं होतं. एका सकाळी मथळासुद्धा दिसेना. पाणी ताकासारखं झालं होतं आणि पोरगी गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती.

ती नळी काढावी लागली. कित्येक आठवडे मानेच्या शिरेतून रक्त धुणाऱ्या मशीनवर काढले, तेव्हा कुठं दुसऱ्या बाजूला नवी नळी बसवायचं ठरलं. या वेळी मोठे सर्जन स्वतः आले. तिच्या अंगावर परकर होता. नाडीचा वळ आणि जुन्या नळीची खूण एकाच रेषेत पाहून ते त्या तरुण डॉक्टरवर कडाडले, "ही जागा तू ठरवलीस? पेशंटला विचारता येत नाही?"

"सर, मी विचारलं होतं," तो म्हणाला आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मी भिंतीवरच्या पोलिओच्या पोस्टरकडं बघत राहिलो.

"त्यांनी इचारलं होतं," माझी पोरगी म्हणाली. "मीच फ्रॉक म्हणले होते."

"असं का सांगितलंस बाळा?"

"मला फ्रॉक आवडतो."

सर्जन हसले. त्यांनी तिला घरच्यासारखी नाडी बांधायला सांगितली आणि गाठीच्या चार बोटं वर फुली मारली. तेवढ्या वेळात मला खरं बोलता आलं असतं.

ती नळी टिकली. पुढं आईनं आपलं मूत्रपिंड दिलं आणि पोरगी जगली. आज बीडमध्ये तिचा स्वतःचा संसार आहे. पोटावरच्या त्या दोन नळ्यांच्या खुणांबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही, मी तर नाहीच नाही.

पण त्या दिवशी सर्जन गेल्यावर मी तिच्या खाटेवर टेकलो होतो आणि तिला विचारलं होतं, "खोटं कावून बोललीस?"

ती नाडीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "ते त्या डॉक्टरला लई रागवत होते," ती म्हणाली. "अन् तुमी गप होता, अप्पा."