खिरापत ओळखायला नागपूरला

"नमस्कार मॅडम. आपण आलात तर सर्वांना आनंद होईल."

कुंदाचा हा मेसेज वाचला आणि मी चहात साखर दोनदा घातली.

कुंदा म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीतली मैत्रीण. तिच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत. त्या भिंतीतली एक वीट सैल होती. ती काढून आम्ही चिंचा, बोरं, भातुकलीचे डबे इकडून तिकडे पाठवायचो. तेव्हा तिनं मला कधी नावानं हाक मारली नाही. "काय वं पोट्टी!" एवढंच.

विदर्भाबाहेरच्या वाचकांनी नाक मुरडू नये. पोट्टी म्हणजे साधी मुलगी. पण आईनं म्हटलं की त्यात राग असायचा, शेजारणीनं म्हटलं की कौतुक, आणि आपल्याच वयाच्या मुलीनं चारचौघात 'ही माही पोट्टी' म्हटलं की विषय संपला, आता तुमच्या अंगाला कोणी हात लावू शकत नाही. कॉन्व्हेंटमध्ये मला दर वर्षी नवी बेस्ट फ्रेंड मिळायची, वर्गाची तुकडी बदलली की. पोट्टी बदलत नसे.

ती आता मला मॅडम म्हणत होती.

मंदानं, आमच्याच गल्लीतल्या तिसरीनं, माझा नंबर शोधून मला ग्रुपमध्ये घेतलं होतं. गल्लीतल्या सहा जणींचा ग्रुप, सगळ्या साठीच्या पुढच्या. या वर्षी भुलाबाई, म्हणजे आमचा विदर्भातला भोंडला, कुंदाच्या घरी, प्रताप नगरात बसवायची असं ठरलं होतं. मी मुलीला, इराला, विचारलं, "नागपूरला येतेस? गाडी तू चालवायची, खाऊ मी घालीन." ती लगेच हो म्हणाली. तिला तर्री पोह्यांचं आकर्षण, मला कशाचं ते तुम्हाला कळलंच असेल.

पहिला दिवस: नाशिक ते नागपूर

पहाटे साडेपाचला निघालो आणि सिन्नरजवळ समृद्धी महामार्गाला लागलो. जाणार असाल तर तीन गोष्टी सांगते. निघण्याआधी टायरमधली हवा तपासून घ्या, कारण सिमेंटच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास वेगात चालून टायर तापतात. टाकी भरलेली ठेवा. आणि डबा घरून न्या. मी दशम्या, लसणाची चटणी आणि मेथीचे ठेपले नेले होते, त्यामुळे आम्ही राजासारखं जेवलो. टोल हजाराच्या पुढे जातो, पण संध्याकाळच्या आत नागपूर गाठता येतं. मी लहान असताना याच प्रवासाला एक रात्र, एक दिवस आणि आईची संपूर्ण सहनशक्ती लागायची.

सोयाबीन निघालेलं, तूर कमरेइतकी, आणि वर्धा जवळ यायला लागल्यावर कपाशीला पहिली बोंडं फुटलेली. मी खिडकीला नाक लावून बसले होते.

"आई," इरा म्हणाली, "ती तुला मॅडम का म्हणते?"

मग मी तिला सांगितलं. नवऱ्यालासुद्धा जे कधी सांगितलं नव्हतं, ते ताशी एकशेदहाच्या वेगात सांगितलं.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत फिरायच्या. गाणी संपली की त्या घरची खिरापत झाकलेल्या डब्यात यायची. डबा फक्त हलवायचा, कान लावायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं की घरवाली हरली, नाही ओळखलं की आपण. आता ज्यांच्या भिंतीतली वीट निघते त्यांना एकमेकींची खिरापत आधीच माहीत असणार. म्हणून गल्लीचा एक कायदा होता, कोणी न शिकवलेला. आपल्या पोट्टीच्या घरचा डबा आला की आपण मुद्दाम चुकीचं सांगायचं आणि तिला जिंकू द्यायचं.

मी तेरा वर्षांची असताना शाळेतल्या दोन मुली आमची भुलाबाई बघायला आल्या. पांढरे मोजे, केसांना रिबिनी. गल्लीतून चालताना त्या फ्रॉक सावरत होत्या आणि मी त्यांची माफी मागत होते. कुंदाच्या घरी डबा आला. तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान तेव्हा महिनाभर बंद होतं, त्यांचा हात मोडला होता. आत काय होतं ते मला दुपारीच दिसलं होतं. शाळेतली एक मुलगी मला म्हणाली, "यू मस्ट बी व्हेरी गुड ॲट दिस." आणि मी म्हणाले,

"शिळ्या पोळीचा कुस्करा!"

त्या दोघी हसल्या. मीही हसले. कुंदानं डबा उघडला, सगळ्यांच्या हातावर चमचा-चमचा गुळातला कुस्करा ठेवला, माझ्याही ठेवला. त्या संध्याकाळनंतर वीट जागची हलली नाही. उन्हाळ्यात बाबांची नाशिकला बदली झाली.

इरानं पुढचा ट्रक मागे टाकला. मग म्हणाली, "आई, हे फार वाईट होतं."

"हो गं."

"सॉरी म्हणायला चाललीयेस का?"

"आधी तिनं मॅडम म्हणणं थांबवू दे."

नागपुरात शिरलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि ऑक्टोबरचं ऊन अजून कडक होतं. मुक्काम सीताबर्डीला, मेट्रो स्टेशनाच्या जवळ. दसऱ्याच्या आगेमागे दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं येतात, तेव्हा त्या आठवड्यात यायचं असेल तर खोली महिनाभर आधी घ्या. आम्ही गर्दी ओसरल्यावर गेलो, त्यामुळे सहज मिळाली. लिफ्टवाल्याला मी म्हणाले, "पाणी गरम कधी येते जी सकाळी?" इरानं माझ्याकडे वळून पाहिलं. "आई, तू बदललीस. तुझा आवाजसुद्धा बदललाय."

दुसरा दिवस, सकाळ: महाल

तर्री पोहे सकाळीच खायचे, नऊच्या आत. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, वरून कच्चा कांदा आणि लिंबू. आम्ही महालात एका टपरीवर खाल्ले. तीस रुपयांना प्लेट, आणि तर्री मागाल तितक्या वेळा. इराचे डोळे पाणावले तरी तिनं दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

बाकावर दोन वयस्क गृहस्थ बसले होते. तिसरे स्कूटरवरून आले, तशी पहिल्यांनी आरोळी ठोकली.

"काय बे, मेला होता का? दोन दिवस झाले!"

"मेलो असतो तं तुले खांदा द्याले बोलावलं असतं न बे!"

मला राहवलं नाही. "तुम्ही भाऊ आहात का?" मी विचारलं.

"भाऊ कायचे, ताई? गल्लीवाले आहो आम्ही. लंगोटी यार," पहिले म्हणाले. "भावाले मी आहो-जाहो करतो. तो भंडाऱ्याले राहते, मोठा साहेब आहे."

"आणि यांना?"

"याले?" त्यांनी स्कूटरवाल्यांच्या पाठीत एक दणका घातला. "याले ज्या दिवशी 'आपण' म्हटलं, त्या दिवशी समजा आमचं वाजलं."

इरानं टेबलाखालून माझा हात दाबला.

गल्ली सापडली, आमची घरं सापडली नाहीत. दोन्ही जागांवर मिळून आता एक चारमजली इमारत आहे. कुंदाच्या वडिलांचं दुकान होतं तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मी तिथून एक विकत घेतलं, नको असताना, गडद निळं. आमची मधली भिंत नेमकी कुठे असेल याचा अंदाज मी पावलं मोजून घेतला. ती लिफ्टच्या जागी येते.

दुसरा दिवस, संध्याकाळ: प्रताप नगर

पाचला बोलावलं होतं, मी साडेचारलाच पोहोचले. इरा गाडी लावायला गेली. दार कुंदानंच उघडलं. केस पांढरे, कमरेला ॲप्रन, आणि तीच उजवी भुवई, वर चढलेली. ती घरून सांबारवडीच्या ऑर्डरी घेते. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, आणि आख्ख्या घराला सांबाराचा वास होता.

"या मॅडम. बसा न. पाणी आणते."

"कुंदा, मॅडम काय म्हणतेस?"

"मंग काय म्हणू? तुम्ही मोठ्या शाळेतल्या." ती हसली, पण ते ग्राहकासाठीचं हसू होतं.

मी बसले नाही. तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "मला तुझ्याशी बोलायचंय. त्या भुलाबाईच्या दिवशी मी..."

"तुम्ही बाहेर बसा बाप्पा. मले खिरापत करायची आहे."

ओट्यावर परातीत कालच्या पोळ्या होत्या. ती त्या हातानं कुस्करत होती. शेजारी गूळ, तुपाचं पातेलं, वेलची. मी दारातच थबकले. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलेलं पाहिलं, आणि पुन्हा कुस्करायला लागली.

मी बाहेर जाऊन बसले.

हळूहळू सगळ्या जमल्या. ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे धाटांचा, मखर, त्यात मातीचे भुलाबाई-भुलोजी. सहा म्हाताऱ्या टिपऱ्या घेऊन उभ्या राहिल्या, त्यातल्या दोघींचे गुडघे बदललेले. मला वाटलं होतं गाणी विसरले असेन. एकही विसरले नव्हते! मंदा सूर सोडून कुठल्या कुठे गेली, कोणाची तरी टिपरी इराच्या कपाळाला लागली, आणि आम्ही इतक्या हसलो की वरच्या मजल्यावरची बाई जिन्यातून डोकावली. "काय चालू आहे वं?" मंदानं तिलाही ओढून आत घेतलं.

मग कुंदा डबा घेऊन आली. स्टीलचा, कडीचा, वर रुमाल.

"ओळखा."

डबा फिरला. हलवला, कान लावले.

"शंकरपाळे," मंदा म्हणाली.

"नाही."

"वाजून तं काहीच नाही राहिलं. शिरा असन."

"नाही."

डबा माझ्याकडे आला. कोमट होता. खोलीत सगळ्या बोलत होत्या. कुंदा मखराशी उभी होती, हात ॲप्रनला पुसत, पुसून झाले तरी पुसतच. मी डबा कानाशी धरला. पन्नास वर्षांपूर्वी जे तोंडातून निसटलं होतं ते जिभेच्या टोकावर होतं.

"चिवडा," मी म्हणाले.

"चिवडा?" मंदा ओरडली. "अवं, चिवडा वाजत नाही का? कान गेले काय तुहे?"

"मग लाडू."

"नाही," कुंदा म्हणाली. तिचा आवाज थोडा चिरकला.

"करंजी. अनारसे. बटाटेवडे."

"बटाटेवडे!" मंदा सोफ्यावर आडवी झाली. "कुंदे, इले हरली म्हणून टाक न, नाहीतर ही बिर्याणीपर्यंत जाईन!"

"हरले," मी म्हणाले. "कुंदा जिंकली."

कुंदानं डबा उघडला. सगळ्यांच्या हातावर कुस्करा ठेवला. माझ्यापाशी आली तेव्हा तिनं चमचा भरून ठेवला, मग अजून एक ठेवला. तूप माझ्या मनगटापर्यंत ओघळलं. सॉरी म्हणायला मी तोंड उघडलं, तर तिनं तिसरा चमचा सरळ तोंडातच कोंबला.

"खाय न वं पोट्टी," ती म्हणाली. "किती बोलते."

तिसरा दिवस: परत

निघताना संत्रा बर्फी घ्या. सीताबर्डीत मिळते, चार-पाच दिवस टिकते. आम्ही दोन खोके घेतले, एक कारंजा गाव यायच्या आधीच संपलं. सांबारवड्या कुंदानं बांधून दिल्या, त्या टिकण्याचा प्रश्नच आला नाही. टोल आणि खोली या दोन्ही खर्चांपेक्षा पेट्रोलचाच जास्त झाला. गाडीत चौघं असाल तर परवडतं, दोघीच असाल तर मनाला विचारा.

घरी पोहोचून कुलूप काढत होते तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर कुंदा.

"पोहोचली का वं पोट्टी? डबा परत पाहिजे मले."

तो कडीचा डबा तिनं उरलेला कुस्करा भरून माझ्या हातात दिला होता. आता तो घासून, पुसून माझ्या ओट्यावर आहे. आमच्या गल्लीत डबा रिकामा परत करत नाहीत, आणि कुरिअरनं तर मुळीच नाही. पुढच्या कोजागिरीच्या आधी तो मी स्वतः घेऊन जाणार. इरा विचारत होती, त्यात काय भरणार. मी तिला सांगितलं, पुरणपोळ्या. वास लपणार नाही, वजनही लपणार नाही, कुंदाला डबा हातात घेताक्षणीच कळेल.

आणि ती म्हणेल, "चिवडा."