मुकादमांचं गवत

लातूरच्या गोल्फ मैदानावर माझी नोकरी टिकली ती मुकादमांमुळे. आठवी सोडून किनवटहून आलेल्या मला त्यांनीच कामाला लावलं होतं. हिरवळीचं गवत निवडताना ते बोअरचं पाणी जिभेवर घ्यायचे, थुंकायचे आणि म्हणायचे, "लई खारं. हितं बर्म्युडा गवतच तगंल. माझं गवत चुकत न्हाई."

मुळं धरेपर्यंत त्या गवताला टँकरचं गोडं पाणी लागायचं. दुष्काळात फाटकाशी बाया घागरी घेऊन उभ्या राहिल्या. मी दोन टँकर त्यांनाच सोडले. नव्या गवताचा वाफा जळाला.

वाफा कसा जळाला, असं मैदानाच्या साहेबांनी विचारलं. मुकादम म्हणाले, "माझंच गवत चुकलं, साहेब."

त्यांना त्याच दिवशी काढलं. मी गप्पच राहिलो. एक दिवस साहेबांपुढं खरं बोलेन, आणि मगच उदगीरला मुकादमांच्या दारात जाईन.