सोनखेड्याचा चढ आणि दाजींचा भाता

मार्च १९५२ मधला पहिला रविवार. रक्कम निजामाच्या हाली नाण्यात एकवीसशे रुपये, म्हणजे सरकारी कलदार अठराशे. हजर माणसं चार : कापसाचे व्यापारी मोतीलालशेठ, माझी थोरली बहीण अक्का, तिचे यजमान रंगनाथराव म्हणजे आमचे दाजी, आणि व्यवहार लिहून घ्यायला मी. दाजींची मोटार त्या दिवशी विकली जायची होती. ती विकली गेली नाही. यंदा माघात दाजी गेल्याचा निरोप घेऊन त्यांच्या वर्कशॉपमधला माणूस आमच्या पेढीवर आला, तेव्हा मी बेरीज करत होतो. ती अर्धी टाकून उठलो, सायकलवर बसलो, आणि सीट नेहमीसारखी डावीकडे कलली... मग रस्ताभर मला तो रविवारच आठवत राहिला. आता दोन महिने होऊन गेले. त्या रविवारी काय ठरलं आणि पुढे काय झालं, ते सरळ लिहून ठेवतो.

दाजींचं वर्कशॉप नव्या जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला. शेतकऱ्यांच्या विहिरींवरची ऑइल इंजिनं ते दुरुस्त करायचे. माणूस मोठ्या आवाजाचा. कानात सांगायची गोष्टही समोरच्या दुकानापर्यंत जायची. नम्रपणा त्यांना ठाऊक नव्हता. काम चांगलं झालं की, "असं काम औरंगाबादेत होऊ द्या, मी मिशा काढतो," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे. पोलीस ॲक्शननंतर एका जहागीरदारांनी हैदराबादचं बिऱ्हाड आवरलं, त्या वेळी त्यांच्याकडून दाजींनी ही मोटार पंधराशे हालीला आणली. विलायती, लढाईच्या आधीची, हिरवी, तारांच्या चाकांची, बसायच्या जागा दोनच. वर टप होता, तो दुमडून मागे ठेवायचा, कारण उघडला तर फाटलेला दिसायचा. हे पंधराशे रुपये अक्काने घराला दुसरी खोली काढायला साठवले होते. मोटार दारात आली तेव्हा ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "घराला दुसरी खोली न्हाई, आन् मोटारीला छप्पर न्हाई. आपल्याला उघड्यावरच ऱ्हायचंय का?"

तरी १९५१ च्या चैत्री पौर्णिमेला ती मोटारीतून सोनखेड्याच्या देवीला निघाली. अक्का दाजींच्या शेजारी, मी मागे दुमडलेल्या टपावर. सोनखेड्याचा चढ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : पाव मैलाची मुरमाड वाट, मधे एक वळण, आणि वळणाच्या पुढे वाट अशी उभी होते की भरल्या गाडीला आपले बैल पुरत नाहीत. म्हणून चढाच्या पायथ्याशी बाजीबा नावाचा शेतकरी जत्रेच्या दिवशी जादा बैलजोडी घेऊन उभा राहतो. तिला चढाची जोडी म्हणतात. ती पुढे जुंपायची, माथ्यावर सोडायची, चार आणे द्यायचे. बैलगाडीवाल्याला त्यात कमीपणा वाटत नाही. पण आमची मोटार वळणावर धापा टाकून बंद पडली, मी आणि अक्का उतरून ढकलू लागलो, तरी हलेना, आणि शेवटी बाजीबाने ढवळ्या-पवळ्याची जोडी विलायती मोटारीला जुंपली, तेव्हा सगळी जत्रा दोन्ही अंगांना उभी राहिली. कुणीतरी ओरडलं, "आरं, इंग्रज गेला आन् गाडी बैलाला देऊन गेला!" अक्काने पदर पुढे ओढला तो देवळात जाईपर्यंत. परतताना ती बैलगाडीतून आली. वर्षभर ती मोटारीत बसली नाही.

म्हणून तो रविवार. मोतीलालशेठना मुलाच्या वरातीसाठी मोटार हवी होती. अक्काने मला आदल्या दिवशी बजावलं होतं, "बापू, तू हिशेबाचा माणूस. त्यांचं बोलणं ऐकू नको, कागद करून टाक." मी कागद पुढे घेतला. शेठनी इसाराचे शंभर रुपये बैठकीवर ठेवले. दाजी त्या नोटांकडे बघेनात, खिडकीतून मोटारीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चैत्री पौर्णिमेपर्यंत थांबा. मी सोनखेड्याचा चढ चढून दाखवतो. न्हाई चढली तर तिथूनच तुमी घेऊन जा."

"रंगनाथराव," शेठ हसले, "चढना था तो मागच्या सालीच चढली असती ना? बैल इसार में मिलेंगे क्या?"

दाजींचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत मी तो एकदाच पडलेला पाहिला. ते अक्काकडे वळले आणि त्यांच्या मानाने फारच हळू म्हणाले, "एक बार. मंग मी तोंडातून शब्द काढणार न्हाई."

अक्काने अट घातली : मागच्या वेळी तीन माणसं होती, तीच तीन बसतील. चढावर कुणी उतरायचं नाही. चढाची जोडी लागली, किंवा एका माणसाचा पाय जमिनीला लागला, तर मोटार शेठची. शेठनी "बराबर" म्हणून मान हलवली. मी तसं लिहिलं आणि चौघांच्या सह्या घेतल्या.

दाजींच्या मनात काय होतं, ते मला चार दिवसांनी कळलं. औरंगाबादच्या छावणीत लढाईतल्या उरलेल्या मालाचा लिलाव झाला होता. तिथून त्यांनी पायलीएवढा एक जड लोखंडी डबा आणला होता. विमानात बसणाऱ्यांना वर हवा पुरत नाही म्हणून हवा भरायला तो लावत, असं ते म्हणाले. झाकण काढून दाखवलं : आत इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन रूळ, एकमेकांना न शिवता उलट-सुलट फिरणारे. "ह्याला सुपरचार्जर म्हणतात, मुनीमजी," ते मला म्हणाले. पेढीवर नोकरीला असल्यामुळे मी त्यांचा मुनीमजी. "लोहाराचा भाता बघितला ना? कोळसा तेवढाच, पर भाता मारला की आग कशी उठती? इंजिन आपल्या नाकानं दम घेतं. म्हातारं झालं, दम पुरंना. हा त्याच्या नाकात हवा कोंबतो."

"मग पेट्रोल जास्त लागेल," मी म्हणालो.

"लागंल की! भाकर जास्ती खाईल, वझं जास्ती ओढील. तुमच्या पेढीच्या शेठला हे कधी कळंल कुणास ठाऊक. पगार वाढवून बघ म्हणावं."

त्या दिवसापासून त्या यंत्राचं नाव भाताच पडलं. आधी इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा बदलल्या. मग भाता इंजिनाच्या डाव्या अंगाला लोखंडी पट्ट्यांनी आवळला. तो बॉनेटात मावेना, तेव्हा बॉनेटाची ती बाजू काढूनच टाकली. इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून भात्याला पट्टा, आणि भात्यातून इंजिनाकडे वाकवलेला नळ. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा इंजिन आतून हातोडी मारल्यासारखं ठोकू लागलं. दाब फार होतो, म्हणाले. तांबटाकडून तांब्याचा जाड पत्रा कापून आणला आणि इंजिनाच्या डोक्याखाली घातला, म्हणजे आत जागा वाढली. ठोकणं थांबलं. मी रोज संध्याकाळी पेढीवरून तिकडे जायचो. अक्काने कागद माझ्या हातात दिला होता, त्यामुळे मी कुणाच्याच बाजूचा नव्हतो. पण इंजिन ठोकायचं थांबलं त्या संध्याकाळी मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज दाजींसारखा मोठा झाला होता, असं ती म्हणाली.

पौर्णिमेला आठवडा राहिला असताना नळात बार उडाला. ज्वाळा उलटी फिरली, नळ निखळून पडला, समोरच्या धान्याच्या गोदामावरची सगळी कबुतरं उठली. दाजी काळ्या तोंडाने उभे. नळाला एक झडप हवी होती, म्हणजे असा बार झाला तर ती उघडून हवा बाहेर जाईल, एरवी घट्ट बसेल. झडप त्यांनी केली, पण तिच्यावर दाब ठेवायला बेताची स्प्रिंग मिळेना. एक फार ताठ, एक फार लेचीपेची. दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमधून निघालो तर माझ्या सायकलची सीट डावीकडे झुकलेली. सीटखालच्या दोनपैकी एक स्प्रिंग गायब.

"दाजी, माझी स्प्रिंग?"

"देशकार्याला गेली," आतून आवाज आला. "तुमचं वजन ते किती! एका स्प्रिंगवर भागंल!"

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही पायथ्याशी पोहोचलो. अक्का वर्षाने मोटारीत बसली होती, ताठ, हात मांडीवर. मी मागे टपावर. शेठ त्यांच्या टांग्यातून येऊन वळणावर उभे होते. बाजीबा जोडी घेऊन पुढे आला, बैलांची शिंगं रंगवलेली. "रंगूभाऊ, जुंपू का आत्ताच? मंग गर्दीत येळ लागतो बगा."

"तू वाट मोकळी कर आन् गंमत बघ," दाजी म्हणाले. चढ अजून लागायचा होता, म्हणून खाली उतरून त्यांनी पट्टा घसरू नये यासाठी त्यावर राळेची पूड टाकली, परत बसले, आणि गिअर टाकला.

मोटार निघाली ती वेगळाच आवाज करत. इंजिनाच्या आवाजावर भात्याची एक बारीक शीळ चढत होती. मुरूम मागे उडू लागला. वळणापर्यंत आम्ही कसे आलो ते कळलंही नाही. शेठचं पागोटं तेवढं दिसलं. वळणाच्या पुढे वाट उभी झाली, आणि एकदम पट्टा किंचाळला. तो पुलीवर घसरत होता. शीळ खाली आली. मोटार सावकाश होत होत चालत्या माणसाएवढी झाली. लोक हसू लागले. मागून बाजीबाची हाक आली, "आणू का जोडी?" मला वाटलं, माझंच वजन जास्त होतंय. मी उडी मारायला एक पाय बाहेर काढला...

अक्काने मागे वळून माझं धोतर धरलं. "बस खाली!" ती ओरडली. तिचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "उतरलास तर घरी येऊ नको! अहो, तुमी माझ्याकडं काय बघून राह्यलात? गाडीकडं बघा!"

दाजींनी पाय क्षणभर सैल केला. मोटार थांबते असं वाटलं, तेवढ्यात पट्टा पुलीला धरून बसला. मग त्यांनी पाय हळूहळू दाबला. शीळ पुन्हा चढू लागली, बारीक, मग मोठी, आणि मोटार त्या उभ्या चढावरून आम्हा तिघांना घेऊन माथ्यावर आली. देवळापुढचे ढोलवाले आपलं वाजवणं थांबवून बघत राहिले. अक्काच्या हातात माझ्या धोतराचा सोगा तसाच होता. विकायचा कागद तिनेच करायला लावला होता, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. ती हसली, आणि हसतच देवळात गेली. दाजी आत गेले नाहीत. बॉनेटच्या उघड्या बाजूला कान लावून ते भात्याचा आवाज ऐकत राहिले. अक्काने परत येऊन आधी भात्याला हळद-कुंकू लावलं, मग त्यांना.

बाजीबा बैल घेऊन वर आला. मोटारीभोवती एक फेरी मारली. "ह्ये तर आमच्या ढवळ्यावाणीच फुसफुसतंय," म्हणाला. दाजींनी त्याच्या हातावर चार आणे ठेवले. तो म्हणाला, "जोडी लागली न्हाई, मालक, पैसे कशाचे?" दाजी म्हणाले, "तुझ्या बैलांनी मोटारीला वाट दिली. त्यांचा मान हाय." शेठ धापा टाकत चालत वर आले आणि म्हणाले, "मेरा इसार वापस दो. और एक चक्कर मुझे भी बिठाओ." मी शंभर रुपये मोजून परत केले आणि कागद फाडला.

ती गोष्ट जत्रेतून गावोगाव गेली. ज्याने मेलेली मोटार सोनखेड्याला चढवली, तो आपलं इंजिन दुरुस्त करील, असं म्हणून शेतकरी दूरदूरून बैलगाडीत इंजिनं घालून येऊ लागले. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत घराला दुसरी खोली निघाली, आणि तिच्यावर सिमेंटची गच्ची झाली. त्याच हिवाळ्यात दाजींनी अक्काला मोटार शिकवली, कापसाच्या जिनिंग मिलच्या आवारात, सुट्टीच्या दिवशी. गाव काय म्हणतं हे मी तिला विचारलं होतं. "गाव म्हणतं, मालकीणबाई गिअर चांगला टाकतात," असं तिने सांगितलं. दर चैत्री पौर्णिमेला ते दोघं सोनखेड्याला जात. पायथ्याशी थांबून दाजी बाजीबाला चढाच्या जोडीचे पैसे देत, मग भात्यावर चढ चढत. एक वर्षही चुकलं नाही.

दाजी वर्कशॉपमध्येच गेले. दुपारी इंजिनावर वाकले होते, तसेच बसले. वय सत्तेचाळीस. यंदाची पौर्णिमा आली तेव्हा भावकी म्हणाली, वर्ष व्हायच्या आत जत्रेला जायचं नसतं. "देवळात न्हाई जाणार," अक्का म्हणाली. "माथ्यापर्यंत जाऊन येते. ते तरी कुठं आत जात होते?" मी तिच्या शेजारी बसलो. तिने स्वतः पट्ट्यावर राळ टाकली.

पायथ्याशी बाजीबा होता. ढवळ्या-पवळ्या आता नाहीत, नवी जोडी होती, शिंगं तशीच रंगवलेली. अक्काने मोटार थांबवली तशी त्याने पागोटं काढून हातात घेतलं. पैसे घेईना. "मालक न्हाईत, बाई. आता कशाचे घेऊ?"

"घे," अक्का म्हणाली. "बैल तर हायेत ना?"

त्याने हात पुढे केला, आणि बैल वाटेच्या कडेला घेतले. अक्काने गिअर टाकला. वळणाच्या पुढे पट्टा किंचाळला नाही. शीळ शेवटपर्यंत चढत गेली. माथ्यावर तिने इंजिन चालूच ठेवलं, खाली उतरली, आणि बॉनेटच्या उघड्या बाजूला कान लावून उभी राहिली.

दिलेली रक्कम पंचवीस नये पैसे, म्हणजे जुने चार आणे. बाजीबाला, चढाच्या जोडीच्या मानाचे. माझ्या सायकलची दुसरी स्प्रिंग अजून भात्याच्या झडपेवरच आहे. ती मी मागणार नाही.