उन्हात गुंडाळलेली पोर

सासऱ्यांना क्षय निघाला तेव्हा घरातल्या सगळ्यांचीच तपासणी झाली. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला लागण नव्हती, पण तिच्यात ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. डॉक्टर रिपोर्टकडे बघतच राहिले. "बाई, वाशीम जिल्ह्यात राहून उन्हाचा तुटवडा?"

तुटवड्याचं कारण घरातच होतं. नात काळी पडेल या धास्तीने सासूबाई तिला उंबऱ्याबाहेर सोडत नसत. डॉक्टर म्हणाले, अशा मुलांना क्षयाची लागण सहज होऊ शकते. प्रतिबंधक गोळी चुकवू नका, जीवनसत्त्वाचं औषध द्या, आजोबांपासून तूर्त लांब ठेवा आणि सकाळी हातपाय उघडे टाकून उन्हात खेळू द्या.

मी नोकरीवर निघाले की पोरीचं ऊन सासूबाईंच्या ताब्यात. एकदा डबा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतले. अंगणात तूर वाळत होती आणि ताडपत्रीशेजारी लेक बसली होती. उन्हातच. अंगात लांब बाह्यांचा सदरा, पायांत मोजे, तोंडाला ओढणी, वर काळा चष्मा आणि झळ बाधू नये म्हणून खिशात कांदा!

"आत्याबाई, हे काय?" मी सासूबाईंना विचारलं.

"बसवलं ना उनात! डागदरानं सांगतलं तसंच."

"अहो, असं गुंडाळल्यावर ऊन शिरणार कुठून?"

"अन् काळी पडली तं? लगनात कोन पायन तिले?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडे लिंबाखालच्या खाटेवरून सासरे बोलले. नाकातोंडाला मास्क. लाडक्या नातीला त्यांनी कितीतरी दिवसांत जवळ घेतलं नव्हतं.

"लगनाचं मंग पाय. माह्यापासून तिले काही झालं तं मी कोनाले तोंड दाखवू? काढ ते फडकं."

सासूबाईंनी ओढणी सोडली. कांदा संध्याकाळी पिठल्यात पडला.

पुढे सासऱ्यांचा उपचार पुरा झाला, रिपोर्ट स्वच्छ आला. लेक धावत जाऊन त्यांच्या मांडीवर बसली. अंगणात हुंदडून चांगली सावळी झालेली. सासरे तिला घट्ट धरून ढसाढसा रडले. सासूबाई काजळाची डबी घेऊन आल्या, तिच्या गालावर तीट लावली, मान तिरपी करून बघितलं. तीट काही उठून दिसेना.

त्यांनी बोट पुन्हा डबीत बुडवलं आणि आणखी मोठी लावली.