गंजाला घास देणारी चारुशीला

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि आष्ट्याजवळच्या आमच्या उसाला नदीचं पाणी आलं. पण जमिनीखालचा लोखंडी पाइप दरसाल गंजून फुटायचा. उसाला पाणी कमी, वाटेतल्या बेडकांना जास्त.

तेव्हा सांगलीच्या कॉलेजात शिकवणारी चारुशीला मळ्यात आली. काडीसारखी पोर, खांद्याला झोळी, आणि संशोधन कशावर, तर गंजावर! तिनं स्वतः जोडलेला विजेचा डबा पंपाच्या खोलीत बसवला. एक तार पाइपाला, दुसरी शेजारी पुरलेल्या मोडक्या लोखंडाला.

मी चौथी शिकलेली. चुलीपुढं बसून तिनं मला समजावलं, "काकू, गंजाला खायला काहीतरी लागतंच. डब्यातली बारीक वीज त्याला मोडक्या लोखंडाकडं वळवते. पाइप वाचतो."

"म्हणजे मरीआईला कोंबडं दिलं की घर वाचतं, तसं?"

ती इतकी हसली की बशीतला चहा सांडला. "अगदी तसंच!"

पाणी संस्थेचे नाथाजीतात्या मात्र तिला म्हणाले होते, "बाई, पाइप फुटला की डबा नदीत. आन् तुमीबी परत येऊ नका." दुसरं कुणी तिला आपला पाइप देईना. तिचं सगळं संशोधन आमच्या बांधावर अडकलेलं.

आणि संक्रांतीच्या तोंडावर पाइप फुटला. तोही पुरलेल्या लोखंडाच्या अगदी शेजारी.

माणसं जमली. "वीज पाजून लोखंड बाळसं धरतंय व्हय?" कुणीतरी टोमणा मारला.

"उचला तो डबा," तात्या म्हणाले.

चारुशीला पदर खोचून खड्ड्यात उतरली. पाइप चाचपला, मग मोडकं लोखंड उकरलं. जुना फाळ, कोयता, सगळं जसंच्या तसं. ती वर बघून म्हणाली, "तात्या, गंजानं कोंबडं सोडून घर खाल्लंय. तारा कुणी काढल्या होत्या?"

पंप चालवणारे माझे दीर, गुंडाभावजी, टॉवेलानं तोंड पुसत पुढं आले. "आवं ताई, खंडेनवमीला समदी अवजारं पुजली. डब्यानंच काय पाप केलतं? पाटावर मांडला, हळदकुकू वाह्यलं. मग परत जोडला की म्या!"

"उलटा जोडलात, दादा."

"म्हंजे डबा कुचकामी," तात्या म्हणाले.

"कुचकामी असता तर उलटा जोडून काही झालंच नसतं! दसऱ्यापासून एवढं खाणारी वीज सुलटी जोडली की राखणारच. पुढच्या खंडेनवमीला खणून बघा. खोटी ठरले तर मीच डबा नदीत टाकते."

तात्यांनी पटका मागं सारला. "लय चिवट हाय पोरगी. ऱ्हाऊ द्या."

डबा सांगलीला नेऊन तिनं आतलं सर्किट नव्यानं जोडलं. आता तारा उलट्या लागल्या की डबा आपणच बंद पडायचा, वर तांबडा दिवा. भावजींनी मुद्दाम उलट्या लावून पाहिल्या. "सासूवानी हाय गड्या! चुकलं की डोळं वटारतंय."

पुढच्या खंडेनवमीला तात्यांनी बोट दाखवलं तिथं तिथं खणलं. पाइप धड, कुठं पाझर नाही. मोडकं लोखंड मात्र हातात घेताच पापडासारखं चुरलं. तात्यांनी बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा पाइपावरून हात फिरवला.

"खालच्या शिवारालाबी असलं डबं पायजेत," ते म्हणाले आणि पंपाच्या खोलीत येऊन पूजेचा नारळ तिच्या हातात दिला. "तुमीच फोडा."

भावजी या खेपेला डब्याला जागच्या जागीच कुंकू लावत होते. चारुशीलानं नारळ घेतला आणि थेट दाराबाहेरची वाट धरली.

"आगं, कुठं चाललीस?" मी विचारलं.

"बाहेर फोडते, काकू. नारळाचं पाणी आत गेलं तर माझा डबाच गंजायचा!"